जळगावला बंद केलेलं खातं धडगावला किती वेळ चालू राहतं?

सोमवारी सकाळी अकराला जळगावच्या मुख्य कार्यालयात एका लेखापालाचं लॉगिन खातं बंद केलं जातं. राजीनामा मंजूर, हिशेब पूर्ण, फाइल कपाटात. त्याच दिवशी संध्याकाळी सातला तोच माणूस संस्थेच्या धडगावच्या कार्यालयात बसतो, नाव-पासवर्ड टाकतो आणि संगणक त्याला बिनबोभाट आत घेतो. कुणी काही फोडलेलं नाही, कुठला सर्व्हर बंद पडलेला नाही. जळगावचा निरोप धडगावला पोचायला नऊ तासांपर्यंत लागतील अशीच ती यंत्रणा मांडलेली होती. गंमत म्हणजे तशी मांडायची असं कुणी ठरवलंही नव्हतं. कुणीच काही ठरवलं नाही की असंच होतं.

संस्था काल्पनिक आहे. शिक्षणसंस्था म्हणा, पतसंस्था म्हणा. जळगावला मुख्य कार्यालय, भुसावळ, धुळे आणि नंदुरबारला मोठ्या शाखा, चोपडा, शिरपूर, शहादा आणि धडगावला लहान कार्यालयं, मिळून चारेक हजार कर्मचारी. एवढ्या पसाऱ्यात कोण कोण आहे, कुणाचा पासवर्ड काय (अर्थात गुप्त रूपात), कोण कुठल्या ग्रुपमध्ये, कुणाला काय उघडता येतं, हे सांगणारी एक सामाईक नोंद लागते. ती ठेवतो तो डिरेक्टरी सर्व्हर. एक्स ५०० हे या कल्पनेचं जाडजूड मानक १९८८ चं. त्याच्यावरून हलकाफुलका एलडॅप, म्हणजे डिरेक्टरीला प्रश्न विचारायची ठरलेली भाषा, मिशिगन विद्यापीठात तयार झाला, त्याचं पहिलं जाहीर रूप १९९३ चं. आणि विंडोज २००० बरोबर मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली. आपल्याकडच्या बहुतेक कार्यालयांत 'एडी' नावाने चालते ती हीच, म्हणून पुढचे आकडे मुख्यतः तिचे आहेत. ओपनएलडॅप किंवा ३८९ डिरेक्टरी सर्व्हर वापरणाऱ्यांना आकडे वेगळे दिसतील, विचार तोच लागेल.

आता सगळ्यांनी जळगावलाच विचारावं असं ठरवलं, तर रस्ता रुंदीकरणात एका जेसीबीने फायबर तोडली की शहाद्याचं अख्खं कार्यालय हातावर हात ठेवून बसणार. म्हणून त्या नोंदीच्या प्रती जागोजागी ठेवायच्या आणि एकीत झालेला बदल बाकीच्यांत पोचवत राहायचं. हेच रेप्लिकेशन. डिरेक्टरीत वाचन भरपूर आणि बदल थोडे असतात, म्हणून हे परवडतं. पण प्रत म्हटली की ती थोडीफार शिळी असणारच. किती सर्व्हर घ्यायचे, कुठल्या कंपनीचे घ्यायचे, यावर बैठकांमागून बैठका होतात. कोणती माहिती कुठे किती शिळी चालेल, हे मात्र कुणी विचारत नाही. नियोजन म्हणजे खरं तर एवढाच प्रश्न आहे. सर्व्हरची संख्या त्याच्या उत्तरातून निघते.

नऊ तासांचा हिशेब

एडीत एका ठिकाणच्या, म्हणजे एका 'साइट'मधल्या सर्व्हरांमध्ये बदल झटपट जातो: बदल झाल्यावर १५ सेकंदांनी पहिल्या जोडीदाराला खबर, मग दर ३ सेकंदांनी पुढच्याला. दोन साइटमध्ये मात्र खबर देण्याची पद्धत मुळात बंद असते. तिथे पलीकडचा सर्व्हर ठरलेल्या वेळाने येऊन विचारतो, 'काही नवीन आहे का?' आणि हा ठरलेला वेळ कुणी हात लावला नाही तर १८० मिनिटं. जळगाव ते धुळे एक टप्पा, धुळे ते नंदुरबार दुसरा, नंदुरबार ते धडगाव तिसरा. नशीब अगदीच वाईट असलं तर तीन त्रिक नऊ तास.

१८० मिनिटं हा आकडा शाखा ६४ केबीपीएसच्या, म्हणजे फार बारीक लीज्ड लाइनवर चालायच्या त्या काळातला. आज तालुक्याच्या गावीही फायबर असताना तो तसाच ठेवायला काही कारण नाही, तरी बहुतेक ठिकाणी तो तसाच सापडतो. १५ मिनिटांपर्यंत तो सरळ खाली आणता येतो, आणि लाइन चांगली असेल तर लिंकवर, म्हणजे दोन साइटमधल्या जोडावर, खबर देण्याची सोय चालू करून साइटच्या आतल्यासारखाच वेगही मिळतो. जळगाव–भुसावळ आणि जळगाव–धुळे या लिंकवर मी ती डोळे झाकून चालू करेन. धडगावच्या लिंकवर लाइन कशी आहे ते आधी बघेन.

पण आकडा बदलण्याआधी आस्थापना विभागाबरोबर तासभर बसावं. आयटीवाल्यांनी एकट्याने हे ठरवू नये. टेबलावरचा फोन नंबर उद्या दिसला तरी कुणाचं अडत नाही. नवीन रुजू झालेल्याचं खातं अर्ध्या तासात हवं, कारण तो बिचारा संगणकासमोर येऊन बसलाय. काढून टाकलेल्या माणसाचं खातं मिनिटांत बंद व्हायला हवं, आणि त्यासाठी सगळ्या खानदेशाचं रेप्लिकेशन पळवायची गरज नसते: तो ज्या शाखेत आहे तिथल्या किंवा तिच्या शेजारच्या, जिथे लिहिता येतं अशा सर्व्हरवर जाऊनच खातं बंद करायचं आणि तिथून पुढे ताबडतोब ढकलायचं. हे काम यंत्रणेवर सोडू नये, ते कार्यपद्धतीत लिहून ठेवावं. एवढं करूनही आधीच आत असलेला माणूस त्याच क्षणी बाहेर फेकला जात नाही. त्याच्याजवळची केर्बेरॉसची (एडीत ओळख पटवणाऱ्या पद्धतीची) तिकिटं नेहमीच्या मांडणीत १० तासांपर्यंत चालू शकतात. तेव्हा भांडणाचं प्रकरण असेल तर संगणकही बंद करून घ्यावा.

नकाशा नव्हे, लाइन बघा

अंकलेश्वर–बऱ्हाणपूर महामार्गावर शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर ओळीने लागतात. नकाशा समोर ठेवून आखणी करणारा सहज म्हणेल, चोपड्याला शिरपूरशी जोडा, जवळ आहे. पण चोपड्याची लाइन जळगावहून येत असेल आणि शिरपूरची धुळ्याहून, तर चोपडा ते शिरपूर जाणारा प्रत्येक बाइट जळगाव आणि धुळे फिरून येणार. डिरेक्टरीला रस्ता कळत नाही, केबल कळते. म्हणून आखणीची सुरुवात नेटवर्कवाल्याच्या आकृतीपासून करायची.

प्रत्येक लिंकला एक 'कॉस्ट' देतात. न दिल्यास १०० धरली जाते. कमी कॉस्टची वाट आधी निवडली जाते. कोणी कोणाशी जोडून घ्यायचं हे एडीत केसीसी नावाची प्रक्रिया दर १५ मिनिटांनी स्वतः तपासते आणि मांडते. साइटच्या आत ती सर्व्हरांचं कडं करते आणि कुठलाही बदल तीनपेक्षा जास्त उड्या न मारता सगळीकडे जाईल असे आडवे जोडही घालते. माणसाने हाताने जोड ओढत बसू नये. हाताने ओढलेला जोड केसीसी मोडत नाही, आणि ज्याने तो ओढला तो नोकरी सोडून गेल्यावर त्याचं कारण कुणाला ठाऊक नसतं.

माणसाने ठरवायचं ते कॉस्ट आणि पर्यायी वाट. नंदुरबारचंच बघा. रेल्वेने नंदुरबार थेट जळगावशी जोडलेलं आहे: सुरतेकडून येणारी ताप्तीकाठची लाइन नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जळगावला जाते. धुळे त्या लाइनवर नाहीच, ते चाळीसगावच्या फाट्यावर. फायबर रेल्वेच्या कडेनेही टाकलेली असते. तेव्हा नंदुरबारला धुळ्यामार्गे १०० कॉस्टची रोजची लिंक आणि रेल्वेच्या कडेने येणाऱ्या लाइनवर जळगावशी थेट ३०० ची दुसरी, असं मांडलं की धुळ्याजवळ खोदकाम झालं तरी नंदुरबार, शहादा आणि धडगाव तुटत नाहीत. दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन घेतल्या म्हणजे काम झालं असं मात्र समजू नये. दोन्ही एकाच चारीतून गेलेल्या असू शकतात. लाइन कुठल्या कडेने येते हे लेखी मागून घ्यावं.

एक बारीकसं काम इथेच राहून जातं. कुठला संगणक कुठल्या साइटचा, हे आयपीच्या, म्हणजे संगणकांच्या नेटवर्कवरच्या पत्त्यांच्या, पट्ट्यावरून ठरतं. शहाद्याला नवी इमारत झाली, नवा पट्टा दिला आणि तो डिरेक्टरीत साइटशी जोडायचा विसरला, की शेजारी सर्व्हर असूनही तिथले संगणक जळगावला किंवा भलतीकडेच लॉगिन विचारत बसतात. मग तक्रार येते, 'सकाळी संगणक सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात.'

फेरफार क्रमांक

बदल पोचतो कसा, हे तलाठ्याच्या दप्तरावरून चांगलं समजतं. डिरेक्टरीतली एकेक नोंद म्हणजे सातबारा. आणि तिच्यात काय बदललं याची अनुक्रमाने नोंद ठेवणारी वही म्हणजे गाव नमुना सहा, आपली फेरफार नोंदवही. समजा दोन कार्यालयांत एकाच गावाचे सातबारे ठेवायचे आहेत. रोज सगळे उतारे नव्याने लिहून कुणी काढणार नाही. दुसरं कार्यालय एवढंच विचारेल, 'तुमचा ८१२ पर्यंतचा फेरफार माझ्याकडे आलाय, त्यापुढचे द्या.' डिरेक्टरी सर्व्हर अगदी हेच बोलतात. फक्त प्रत्येक सर्व्हरची वही स्वतंत्र, क्रमांकही स्वतंत्र. जळगावच्या ८१२ चा धुळ्याच्या ८१२ शी काही संबंध नाही. म्हणून प्रत्येक सर्व्हर एक छोटा तक्ता जवळ ठेवतो: जळगाव ८१२ पर्यंत, धुळे ४५५ पर्यंत, नंदुरबार ९० पर्यंत. या तक्त्यामुळेच एकच बदल दोन वाटांनी आला तरी दुसऱ्यांदा घेतला जात नाही.

हे डोक्यात बसलं की एक भयंकर वाटणारा बिघाड लगेच उलगडतो. जळगावचा सर्व्हर व्हर्च्युअल मशिनवर, म्हणजे एका मोठ्या यंत्रातल्या आभासी संगणकावर आहे. काहीतरी बिनसलं, आयटीवाल्याने मागच्या आठवड्याचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीची जशीच्या तशी प्रत, परत बसवला. वही मागे गेली, ७०० वर आली. आता होणाऱ्या नव्या बदलांना ७०१, ७०२ असे क्रमांक मिळतात. धुळे म्हणतं, माझ्याकडे तुझे ८१२ पर्यंत आलेत, हे जुनेच असणार. आणि नवे बदल घेतच नाही. शेजाऱ्याच्या वेळेत लक्षात आलं तर बिघडलेल्या सर्व्हरचं रेप्लिकेशन थांबवलं जातं. नाही आलं तर दोन सर्व्हर एकमेकांकडे हसतमुखाने बघत वेगवेगळं खरं सांगत राहतात. विंडोज सर्व्हर २०१२ पासून व्हर्च्युअल मशीन मागे नेल्याचं सर्व्हरला स्वतःलाच कळू शकतं, पण खालच्या हायपरव्हायजरचाही (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचाही) त्याला पाठिंबा असेल तरच. डिरेक्टरी सर्व्हरला स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, हे सर्व्हर रूमच्या दारावर चिकटवून ठेवण्यासारखं वाक्य आहे.

सातबाऱ्यावर जुनं नाव खोडरबराने पुसत नाहीत, कंस करतात. डिरेक्टरीतही काढलेली नोंद लगेच नाहीशी होत नाही. 'ही काढली' अशी खूण होऊन ती राहते, कारण काढल्याची बातमीसुद्धा बाकीच्यांना पोचवायची असते. या खुणेला टूमस्टोन म्हणतात आणि तिला मुदत असते: आधी ६० दिवस, विंडोज सर्व्हर २००३ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून नव्याने उभारलेल्या एडीत १८० दिवस. जुनी एडी वर्षानुवर्षं अपग्रेड करत आलेल्यांकडे अजून ६० च असू शकते. धडगावचा सर्व्हर पावसाळ्याच्या तोंडावर जळाला, दुरुस्तीला गेला आणि चार महिन्यांनी, दिवाळीच्या सुमाराला परत लावला. १८० ची मुदत असेल तर तो मागे राहिलेलं सगळं वाचून रांगेत येईल. ६० ची असेल तर मधल्या काळात काढलेल्या नोंदींच्या खुणा बाकीच्यांनी कधीच साफ केलेल्या असतात, आणि ती काढलेली खाती धडगावला जिवंतच राहतात. वाईटात वाईट म्हणजे तिथून पुन्हा सगळीकडे पसरूही शकतात. मुदतीबाहेर गेलेला सर्व्हर परत जोडायचा नाही, पुसून नव्याने उभा करायचा.

दोघांनी एकच नोंद बदलली तर

एडीच्या आधी, विंडोज एनटीच्या काळी लिहिणारा सर्व्हर एकच असायचा, बाकीचे नुसते वाचायचे. एडीत कुठल्याही नेहमीच्या सर्व्हरवर लिहिता येतं. सोय मोठी, पण मग भांडण कोण सोडवणार? साधारण समज असा की, जो नंतर लिहील त्याचं खरं. तसं नाही. जळगावला एका शिपायाचा मोबाइल नंबर १०:०५ ला बदलला, एक आकडा चुकला म्हणून १०:०७ ला परत बदलला. त्या रकान्याची आवृत्ती, म्हणजे तो किती वेळा बदलला याचा आकडा, चारवरून सहावर गेली. धुळ्याला त्याच माणसाने स्वतः सांगितलेला खरा नंबर १०:२० ला घातला गेला. तिथे आवृत्ती पाच झाली. दोन्ही बदल भेटले की सहा जिंकते. धुळ्याने नंतर आणि बरोबर लिहूनही ते हरलं. आवृत्ती सारखी असेल तरच घड्याळ बघतात, तेही सारखं निघालं तर सर्व्हरच्या ओळख क्रमांकावर निकाल लागतो. ३८९ सारख्या काही डिरेक्टरींत मात्र घड्याळाचा मान पहिला, म्हणून तिथे वेळ जुळलेली नसेल तर निकालच चुकतो. घड्याळ एडीतही जुळलेलं लागतंच: पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की केर्बेरॉस लॉगिनच नाकारतो.

ग्रुपच्या बाबतीत पूर्वी याहून वाईट होतं. २००३ च्या आधी ग्रुपमधली सगळी नावं मिळून एकच किंमत धरली जायची. जळगावने एक नाव घातलं, धुळ्याने दुसरं, की एकाचं नाव गायब. आता एकेक नाव सुटं जातं, पण ज्यांची एडी खूप जुनी आहे त्यांच्या जुन्या ग्रुपमध्ये तेव्हा घातलेली नावं अजून जुन्याच पद्धतीने बसलेली असू शकतात.

एकाच नावाचं खातं दोन ठिकाणी उघडलं गेलं, तर दोन्ही राहतात आणि एकाच्या नावाला मागे सीएनएफ आणि लांबलचक आकड्यांचं शेपूट लागतं. आता खानदेशात एस. पाटील किती, एम. चौधरी किती, महाजन किती, हे मी सांगायला नको! खात्याचं नाव आडनावावरून न करता कर्मचारी क्रमांकावरून करावं आणि खातं उघडण्याचं काम एकाच ठिकाणी ठेवावं. माझं मत विचाराल तर हे यंत्रणेच्या कुठल्याही मांडणीपेक्षा जास्त उपयोगी पडतं. लिहायची सोय सगळीकडे आहे म्हणून सगळ्यांनी लिहिलंच पाहिजे असं नाही. शाखेचा मान म्हणून 'आम्हालाही अधिकार द्या' म्हणणारे भेटतात. त्यांना पासवर्ड बदलून देण्यापुरता अधिकार द्यावा, पुढे नाही.

शिरपूरचा फोन

पासवर्डची गोष्ट मुद्दाम वेगळी ठेवली, कारण एडीही ती वेगळी ठेवते. पासवर्ड कुठेही बदलला तरी तो रेप्लिकेशनची वाट न बघता लगेच एका ठरावीक सर्व्हरला कळवला जातो. त्याला पीडीसी एम्युलेटर म्हणतात. आपल्या संस्थेत तो जळगावला. शिरपूरच्या सर्व्हरला एखादा पासवर्ड चुकीचा वाटला, तर तो नकार देण्याआधी जळगावला विचारतो, 'तुझ्याकडे काही नवीन आहे का?' म्हणून जळगावला बैठकीत पासवर्ड बदलून शिरपूरला परतलेल्याचं सहसा अडत नाही. अडतं ते लाइन तुटलेली असताना. मग फोन येतो, 'भाऊ, नवा पासवर्ड चाली नही राह्यना, जुना बरोबर चाली राह्यना!' फोन करणारा अगदी खरं बोलतोय. त्याला जुनाच वापरा म्हणावं आणि लाइनवाल्याच्या मागे लागावं. लाइन आली की बदल पोचेल आणि जुना आपोआप बंद होईल.

धडगावला काय ठेवायचं

साताऱ्या-पुण्याच्या आखणीतून उचललेला साचा सातपुड्यात चालत नाही. धडगावला वेगळी खोली नाही, इन्व्हर्टर दोन तासांचा, आणि सर्व्हर म्हणजे लाकडी टेबलाखालचा एक डबा. तो कुणी उचलून नेला तर चार हजार जणांचे पासवर्ड त्यातून काढायचा प्रयत्न करता येईल. यासाठीच विंडोज सर्व्हर २००८ मध्ये फक्त वाचता येणारा डोमेन कंट्रोलर, म्हणजे एडीचा सर्व्हर, आला. त्यावर लिहिता येत नाही, आणि आपण यादीत घातलेल्यांचेच पासवर्ड तो जवळ ठेवतो. धडगावची वीस माणसं आणि तिथले संगणक एवढीच यादी करायची. संगणकांची खाती घालायला लोक हमखास विसरतात, मग लाइन गेली की माणूस यादीत असूनही लॉगिन अडतं. डबा चोरीला गेलाच तर त्या वीस जणांचे पासवर्ड बदलले आणि तिथल्या संगणकांची खाती रीसेट केली की झालं. अधिकाऱ्यांची आणि आयटीवाल्यांची खाती या यादीत कधीच नकोत. आधार क्रमांक, बँक खातं असलं काही तर मुळात डिरेक्टरीतच ठेवू नये, कारण एकदा आत गेलेली गोष्ट सगळ्या प्रतींत जाते.

आणि सरळ विचारायचं तर तिथे सर्व्हर हवाच का? महिन्यातून एखाददा तासभर लाइन जात असेल तर नको. संगणक स्वतः शेवटच्या लॉगिनची आठवण ठेवतो, तेवढं भागतं. दिवस-दिवस जात असेल तर हवा.

पहिली प्रत भरणं हे वेगळं ओझं. रोजचे बदल थोडे असतात, आणि साइटबाहेर जाताना मोठा मजकूर दाबून लहानही केला जातो. पण पहिल्यांदा अख्खी डिरेक्टरी जाते. बारीक लाइनवर ती ढकलत बसण्यापेक्षा डिस्कवर काढून नेता येते, तिच्यावरून सर्व्हर उभा राहतो आणि फक्त नंतरचे बदल लाइनवरून घेतो. डिस्क टूमस्टोनच्या मुदतीपेक्षा जुनी नको. वाचनापुरत्या सर्व्हरसाठी पासवर्ड वगळून डिस्क काढता येते, तशीच काढावी. पूर्ण सर्व्हरची डिस्क असेल तर ती एसटीच्या पार्सलने पाठवायची वस्तू नाही. आपल्याच माणसाने कुलूपबंद करून हातात न्यायची.

हे सगळं मांडल्यावर तपासणी करायची ती अशी. जळगावला एका चाचणीच्या खात्याचा फोन नंबर बदलायचा आणि प्रत्येक शाखेच्या सर्व्हरवर तो किती मिनिटांनी दिसतो ते घड्याळ लावून लिहायचं. आस्थापनेबरोबर ठरलेला आकडा शेजारच्या रकान्यात. मग धुळ्याची लिंक मुद्दाम बंद करून तेच पुन्हा: नंदुरबार दुसऱ्या वाटेने येतं का, किती वेळात? रोज सकाळी रेपॲडमिन या एडीच्या तपासणी-साधनाचा सारांश काढला की कुठला सर्व्हर शेवटचा कधी बोलला आणि किती प्रयत्न फसले हे एका पानात दिसतं. ते पान कुणी बघायचं त्याचं नाव ठरवून टाकायचं, रजेच्या दिवशी दुसरं कोण तेही. एखाद्या शाखेचा आकडा तासांवरून दिवसांवर गेला की त्या दिवशीच फोन करायचा. फोन उचलणारा बहुधा सांगेल की सर्व्हरचा प्लग काढून तिथे कूलर लावलाय.